गुळाच्या कारखान्याची चिमणी

“हात काढू नको बे, चिमणी चालली!”

गुऱ्हाळावर गूळ रांधणारा आमचा गुळव्या ओरडत होता आणि मी दोन्ही पंजांनी चिमणी आवळून उभा होतो. चिमणी गुळाची. खालचा साखर कारखानाही गुळाचाच: भेलीच्या विटा, चिक्कीचे पत्रे, पाकाच्या काचा. सोसायटीच्या आम्ही सात जणांनी तीन दिवस खपून तो चारा छावणीच्या मांडवात उभा केला होता. खरा कारखाना उसावाचून बंद, तेव्हा तालुक्यात चालू म्हणावा असा हा एकच.

गुळाचा कारखाना उभा करून दाखवा, अशी पैज लावून घाटनांदूरकडच्या एका कडब्याच्या व्यापाऱ्यानं शब्द दिला होता. कारखाना अखंड दिसला तर छावणीला दोन ट्रक कडबा. तुकडे दिसले तर रामराम. छावणीत कडबा उरला होता उद्या सकाळपुरता. माझी बैलजोडी तिथंच होती, आणि दोघं दावणीवरून असे बघत होते, जणू चिमणी त्यांनीच माझ्या हवाली केली होती.

ऊन असं की सावलीसुद्धा मांडवात येऊन बसलेली. जुना गूळ पाझरायला लागला. गुळव्यानं चिमणीच्या बुडाशी गरम पाक ओतला. “शंभर मोज, मग सोड.” मी हजारापर्यंत गेलो. तोवर माझ्या कोपरावर मुंग्यांनी गाव वसवलं, सरपंच निवडला आणि त्याच्यावर अविश्वास ठरावही आणला. पण पाक धरला. मी एक बोट सोडलं, मग दुसरं.

तेवढ्यात व्यापाऱ्याची जीप फाट्यावर दिसली, आणि आमचे चेअरमन आबा नारळ घेऊन पुढं झाले. तीन दिवस ह्याच आबांनी गुळाजवळ पाण्याचा तांब्यासुद्धा येऊ दिला नव्हता. त्यांनी दगडावर नारळ फोडला, पाणी कारखान्याच्या दारावर शिंपडलं आणि उरलेलं मोठ्या मनानं चिमणीच्या पायावर ओतलं.

मी परत खांदा लावला. दार माझ्या डोळ्यांदेखत खाली बसलं.

व्यापाऱ्यानं एक फेरी मारली, दुसरी मारली आणि माझ्यापाशी थांबला. “ह्यो गडी कारखान्यातच धरायचा का?”

“वॉचमन हाय, मालक,” आबा म्हणाले. “कारखाना बंद पडला तरी वॉचमन ठेवावाच लागतोय.”

तो हसला नाही. “सर मागं.”

मी बैलांकडे पाहिलं आणि खांदा काढला. चिमणी कलली, आणखी कलली, नमस्काराला वाकल्यासारखी झाली आणि तिथंच थांबली.

व्यापाऱ्यानं चिक्कीच्या पत्र्याचा कोपरा मोडून तोंडात टाकला. “एक ट्रक,” तो चावत म्हणाला. “दुसरा चिमणी सरळ असती तर.”

संध्याकाळी कडबा उतरवताना मी विचारलं, “आबा, गुळावर पाणी कावून शिंपडलं?”

“नवी वास्तू हाय,” आबा म्हणाले. “शिंपडावंच लागतंय.”