चर्चमधल्या भिक्षूसाठी जेवण

बायकोला जाऊन वर्ष होत आलं. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटरकी करण्यात गेला. गोड लिहिता येत नाही. झालं तसं सांगतो.

आजारपणात ती रोज दुपारी इथं परदेशात, बुकित पंजांगला, आमच्या ब्लॉकमागच्या चर्चमध्ये जाऊन बसायची. आम्ही बौद्ध. मी म्हटलं, "तिथं काय ठेवलंय तुझं?" म्हणाली, "एसी आहे." एसी घरातही होता. मी पुढं विचारलं नाही. आता विचारायला ती नाही, आणि ती तिथं काय शोधत होती ते कळल्याशिवाय मला चैन पडेना.

एकदा गेलो. ती बसायची त्या कोपऱ्यात एक पुतळा. अंगावर जाडंभरडं वस्त्र, पायात साध्या चपला, डोक्यावर मात्र बिशपची उंच टोपी. भिक्षू म्हणावा तर ही टोपी कशाला? साहेब म्हणावा तर चपला अशा का? झाडूवाल्या बाईला विचारलं. ती इथल्या लोकांच्या ढंगात म्हणाली, "मंक, अंकल. नंतर बिशप झाला लाह. फादरना विचारा."

वर्षाच्या पुण्यानुमोदनाला भिक्षूंना जेवण द्यायचंच होतं. म्हटलं, इथंही देऊ आणि विचारूही. मुलगी वैतागली.

"बाबा, भोजनदान विहारात करतात. चर्चमध्ये डबा कोण नेतं?"

"भिक्षूच्या घरी नेतोय."

"अहो, फादर म्हणजे भिक्षू नव्हे!"

"तू वाढ गप."

भिक्षू बाराच्या आत जेवतात, नंतर घास नाही. म्हणून साडेअकरालाच वरणभात, वांग्याची भाजी घेऊन फादरच्या दारात उभा राहिलो. फादर केरळचे, हिंदी बोलणारे. मी घाई लावली, "बारा वाजतील, बसा." ते हसत सुटले. "अंकल, मी दुपारी जेवतो, चारला खातो, रात्रीही जेवतो!" मी ओशाळलो. पण ते जेवायला बसले. वांगं दोनदा घेतलं.

मी विचारत गेलो, ते सांगत गेले. पुतळ्यातला माणूस मठातला साधू. गुरूनं परमुलखात धर्म सांगायला धाडला. अर्ध्या वाटेत घाबरला, परत फिरला. गुरूनं पुन्हा पाठवला. मग गेला आणि तिथं बिशप झाला.

"टोपी मिळाल्यावर बिघडला का?"

"नाही. पायीच फिरायचा म्हणतात. बिशप झाल्यावरही."

माणूस मला आवडला. मग बायकोचं विचारलं.

"निळ्या स्वेटरच्या आंटी? त्या एकच विचारायच्या. तो परत फिरला तेव्हा गुरू रागावले का?"

मी विचारलं, "तुम्ही काय सांगितलं?"

"रागावले नाहीत. पत्र लिहून धीर दिला. पण पाठवलंच."

केमो अर्ध्यात सोडून गावी जाते, असं ती म्हणाली होती. मी तिला भित्री म्हणालो. भांडं आपटलं. त्यानंतर तिनं गावाचं नाव काढलं नाही, सगळे डोस घेतले, आणि इथंच गेली. हे मी फादरना सांगितलं. आधी कुणालाच नव्हतं सांगितलं.

त्यांनी समजूत घातली नाही, ते बरं झालं. फक्त विचारलं, "मुलीला ठाऊक आहे?"

"नाही. तिला वाटतं, आईनंच हट्टानं उपचार घेतले."

घरी आलो तर मुलगी दारातच. "काय मग, जेवले का तुमचे भिक्षू?"

"जेवले. तू बस इथं," मी म्हणालो. "तुझ्या आईला गावी जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही."