जस्ताची साक्ष

कृष्णेच्या घाटावर प्रातःसंध्या आटोपून मी वाईहून निघालो. पिशवीत बेल, भंडारा आणि पळी-पंचपात्र. खानापूर तालुक्यातील एका भट्टीमालकाचा निरोप होता : कारागिराला देवासमक्ष शपथ द्यायची आहे. कशाची, हे मी विचारले नाही.

साताऱ्यास गाडी बदलली. पुढे उसाच्या ट्रॉलीमागे तासभर रखडलो. विट्यापलीकडे कोरडी ज्वारीची राने लागली आणि उतरताच जळत्या गंधकाचा वास घशाला झोंबला.

इकडची माणसे देशभर गलाई (सोनेचांदी गाळून शुद्ध करणे) करतात. कारागीर किसनतात्या त्यांपैकीच एक. मालकाने परप्रांतातून शिसे आणि जस्त एकत्र असलेला दगड आणवला होता. तपासणीच्या कागदावर दोन्ही धातू होते. भट्टीतून मात्र शिसेच निघे. जस्त तात्यांनी चोरले, हा आळ!

“आवं गुरुजी, चाळीस वर्सं लोकांचं सोनं गाळलं, गुंजभर हललं न्हाई,” तात्या म्हणाले. “उचलतो बेलभंडारा. गावानं बगू द्या.”

त्यांची पत्नी मालकाकडे वळली. “शेट, चोरून ठेवाय आमच्या घराला धड दार तरी हाय का?”

मी भट्टीत तो दगड घालून आच वाढवायला सांगितली. काही वेळाने ज्वाळा हिरवट झाली आणि दाट पांढरा धूर छपराला भिडला. पाठशाळेत अभ्यासलेले रसशास्त्र आठवले. यशद (जस्त) तापले की वाफ होऊन उडते. ते धरायला मुख बंद केलेली मूस आणि खाली पाणी लागते. शिसे जड, तळाशी उतरते. उघड्या भट्टीत दोन्ही कसे हाती लागावेत?

बांबूला केरसुणी बांधून मी छपराचे पत्रे झाडवून घेतले. पिंजलेल्या कापसासारखे पांढरे थर खाली आले.

“हे तुमचे जस्त! उरलेले रानावर आणि या माणसाच्या छातीत गेले आहे. स्वतःचे अज्ञान झाकायला देवाला साक्षीस बोलावता?” माझा आवाज इतका चढलेला मीही कधी ऐकला नव्हता.

“पर कागदावर तर...” मालक पुटपुटले.

“दगडात आहे, एवढेच कागद सांगतो. काढायचे कसे, हे कोणाला विचारलेत?”

तात्यांच्या पत्नीने ती राख पाटीत भरून मालकापुढे ठेवली. “घ्या शेट. मोजून घ्या.”

जमलेल्या गावासमोर मालकाची मान वर झाली नाही. बेलभंडारा मी पिशवीतून काढलाच नाही. तात्यांच्या ओट्यावर भाकरी-ठेचा खाऊन परतलो.

वाईस पोहोचलो तेव्हा उपरण्यावर पांढरी धूळ होती. ते नदीत धुण्यास मन धजेना. खाली माणसे तेच पाणी पितात. बेल सुकून गेला होता. राग मालकाचा आला होता, तितकाच स्वतःचाही : शपथ कशाची, हे न विचारता मी देवाला पिशवीत घालून निघालो होतो.