डाव्या हाताचं दार

लग्न होऊन आल्यावर पहिले आठ दिवस धाकट्या सुनेची ठाम समजूत होती, की सासरे, म्हणजे दुकानाचे मिस्त्री, पक्के झोपाळू आहेत. आता हे सांगताना ती पोट धरून हसते. पण तिची तरी काय चूक? माणूस सकाळी दुकानात जायचा, एखाद्या जुनाट कपाटाला टेकून डोळे मिटायचा आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत बसायचा, गाईला थोपटावं तसा. नंतर बाईसाहेबांना उमगलं, की मिस्त्री झोपत नाहीत, बनवणाऱ्याचा हात शोधतात.

दुकानात सगळं खेड्यापाड्यांतलं सामान. कुणा बिननावाच्या सुताराने केलेल्या पेट्या, बाकं, धुराने काळी पडलेली फडताळं. मिस्त्री मोडलेला पाय जोडायचे, बाकी कशाला हात लावायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा खांदा कामातून गेला. तेव्हापासून रंधा डाव्या हातात. दुपारपर्यंत इतके गळून जायचे, की पाण्याचा तांब्याही सुनेने उचलून द्यावा. रोज म्हणायचे, आता पुरे. रोज जायचे.

एकदा संग्रहालयाचे साहेब आले, दोन दारांच्या कपाटासाठी. त्यांचं म्हणणं, उजवं दार मूळचं, डावं मागाहून कुणा अडाण्याने ठोकलंय. रंध्याच्या खुणा उलट्या, वरच्या अंगाला तर नुसतं ओरबाडलंय. ते फेकून उजव्यासारखं नवं करून द्या.

नवं दार म्हणजे सरळ काम. सून मागून खुणावत होती, हो म्हणा आणि सुटा. पण मिस्त्री खुर्चीवरून उठले, तेही दोन हप्त्यांत, आणि दोन्ही दारांच्या कडांवरची काजळी पुसली. लाकडाची एकच गाठ मधोमध चिरलेली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. फळी एकच.

साहेब म्हणाले, फळी एक असेल, कारागीर दुसरा.

मिस्त्रींनी सकाळीच रंधलेली स्वतःची फळी आणून डाव्या दाराला लावली. तशाच उलट्या, उथळ खुणा.

"उजवा हात गेला बिचाऱ्याचा, अर्ध्या कामात," मिस्त्री म्हणाले. "वरून खाली बघत या. शिकत शिकत केलंय."

साहेबांनी बोट फिरवलं. खुणा उलट्याच, पण खाली येईतो सफाईदार होत गेल्या होत्या. बराच वेळ त्यांनी बोट काढलं नाही. मग म्हणाले, राहू दे दार.

सुनेने सुटकेचा श्वास टाकला. पण साहेबच ते, शेवटचा शब्द सोडवेना.

"तरी कंटाळून उरकलंय हं, मिस्त्री."

"कंटाळलेला माणूस मागची बाजू तशीच सोडतो, साहेब."

साहेबांनी दार उघडून मागे बघितलं. मागूनही रंधा मारलेला होता, अगदी खालच्या कोपऱ्यापर्यंत.

"बरं बाबा," साहेब म्हणाले, "नाही कंटाळला."

"दमला होता," मिस्त्री म्हणाले, आणि खुर्चीत बसले.