चोवीस तात्यांच्या शेंगा

चोवीस तात्या पिक्चर बघायचे ते पडद्याकडे पाठ करून. बारामती-इंदापूर रस्त्यावर आमचं थेटर आहे. तिथे पहिल्या रांगेपुढे एक लोखंडी खुर्ची उलटी टाकलेली असायची, तोंड लोकांकडे. नवा माणूस आला की हमखास म्हणायचा, "ओ आजोबा, पिक्चर तिकडंय!" तात्या शांतपणे सांगायचे, "त्यो कुठं पळून जात न्हाय. मी तुमाला बघतोय." मग तो बिचारा पुढचा अर्धा तास शर्टाची बटणं नीट करत बसायचा.

तात्या आमचे जुने ऑपरेटर. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, थेटर काढलं तेव्हापासूनचे. पिक्चर म्हणजे शेवटी स्थिर चित्रांची माळ. सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून सरकली की ती हलल्यासारखी वाटतात. हा चोवीसचा आकडा तात्यांच्या कानात बसला होता. बाहेरच्या टपरीवर चहा पिता पिता ते एकदम बशी खाली ठेवायचे. "मशीन मंद झालं. बावीसवर आलंय," म्हणत आत पळायचे, आणि खरोखरच पट्टा सैल झालेला असायचा. त्यावरून त्यांचं नाव चोवीस पडलं. खरं नाव लिहायची वेळ आली की पगारपत्रकावर अण्णासुद्धा क्षणभर थबकायचे.

या चोवीसपायी ते एकदा चांगलेच पोळले होते. तरुणपणी ते तंबूच्या थेटरात होते. निमगाव केतकीच्या बाजाराच्या मैदानात खेळ लावलेला, आणि लोकांना शेवटची एस.टी. गाठायची होती. मालक म्हणाला, जरा रेट की. तात्यांनी जनरेटरचा वेग वाढवला, तसं मशीन पळायला लागलं. तेव्हा बऱ्याच तंबूंत ही चलाखी चालायची. पण नेमकी त्याच वेळी पडद्यावर आई मरत होती. ती भराभरा खोकली, चिरक्या आवाजात पोराला हाक मारली आणि पटकन मेली. सगळा तंबू खो खो हसला. "येका आईचं मरण मी हसण्यावारी नेलं," तात्या सांगायचे, आणि इतक्या वर्षांनीही त्यांचा चेहरा उतरायचा. "त्या दिवशी शपथ घेतली. एस.टी. चुकू द्या, पर चोवीसला हात लावनार न्हाय."

शेंगांचं प्रकरण वेगळंच. टरफलांनी थेटर घाण होतं म्हणून अण्णांनी एकदा भुईमुगाच्या शेंगांवर बंदी घालायचं ठरवलं. तात्या थेट राजीनाम्याची भाषा करू लागले. त्यांचं म्हणणं असं, की पिक्चर चांगला की वाईट हे लोक तोंडाने खरं सांगत नाहीत, शेंगा सांगतात. टरफलं कटाकटा वाजतायत तोवर माणूस थेटरात बसलेला असतो. वाजायची थांबली की तो पिक्चरमध्ये गेला. सगळीकडे गप्प झालं की तात्या खुर्चीतून हळूच म्हणायचे, "धरलं." नुसतं एवढंच. आमच्याकडे शेंगा राहिल्या, झाडू मारणाऱ्या बाईंनी तात्यांशी वर्षभर अबोला धरला.

पुढे अण्णांनी थेटर माझ्या हवाली केलं. मी पुण्यात शिकून आलेली, डोक्यात शंभर कल्पना. हट्टाला पेटून नवं डिजिटल मशीन बसवलं. ते चोवीसच काय, अठ्ठेचाळीस चित्रांनीही चालायचं. दुप्पट चित्रं म्हणजे हलताना कुठे पुसटपणा नाही, टीव्हीवर क्रिकेटची मॅच बघावी तसं सगळं लख्ख आणि गुळगुळीत. दोन-तीन वर्षांपूर्वी एक मोठा पिक्चर दोन्ही तऱ्हांनी आला. आमच्याकडे पडदा एकच, तेव्हा कोणता लावायचा ते आम्हीच ठरवायचं होतं. मी विचारलंसुद्धा नाही कुणाला. दारावर फलक रंगवला, 'अठ्ठेचाळीस फ्रेम! तालुक्यात प्रथमच!', आणि स्पीकर लावून रिक्षा पार वडगाव निंबाळकरपर्यंत फिरवली.

तात्यांनी टपरीवरच्या पोराकडून फलक वाचून घेतला आणि म्हणाले, "पोरी, आदी लावून बग. मग रंगव." माझ्या नाकावर तेव्हा कायम राग. मी ताडकन बोलले, "तात्या, तुमचं मशीन भंगारात गेलं, आता ते चोवीसही जाऊ द्या. आणि खरं सांगा, तुमच्या डोळ्यांना यातला फरक दिसतो तरी का?"

तात्यांनी खुर्ची उचलून भिंतीला टेकवली आणि भिगवणला घरी निघून गेले.

दोन दिवस मी तोऱ्यात राहिले. तिसऱ्या दिवशी एकटीने पिक्चर अठ्ठेचाळीसने लावून बघितला. काहीतरी चुकत होतं, पण काय ते बोट ठेवून सांगता येईना. शुक्रवारी पहिला खेळ. गावोगाव रिक्षा फिरलेली. पडला असता तर "बापाचं चालतं थेटर पोरीनं घालवलं" हे मला जन्मभर ऐकावं लागलं असतं. बुधवारी सकाळी मुकाट्याने गाडी काढली आणि भिगवण गाठलं. तात्या ओट्यावर बसून शेंगाच निवडत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं." ते म्हणाले, "चाय घेनार का?" माफीचं प्रकरण तेवढ्यावर मिटलं.

"उद्या सकाळी दोनी लाव," ते म्हणाले. "तीच ईस मिन्टं. लोकं मी आनतो. कुठलं काय हाय ते कुनाला सांगायचं न्हाय. आनि माझं चोवीस दुसऱ्यांदा लाव."

"दुसऱ्यांदा का? लोक कंटाळलेले असतील."

"म्हनून तर. येकदा बघितल्यालं परत बघताना मानूस शेंगा खातो. तरीबी थांबला, तर खरं."

गुरुवारी सकाळी पन्नासेक माणसं जमली. दूध घालून आलेले गडी, डाळिंबवाले, भिगवणच्या मासळी बाजारातल्या चार बायका, त्यांच्या पुढारी हौसाबाई. तात्यांनी दारात उभं राहून प्रत्येकाच्या ओंजळीत शेंगा घातल्या आणि आपली खुर्ची उलटी मांडून बसले. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर.

आधी अठ्ठेचाळीस. नदीवरची मारामारी आली तशा शिट्ट्या सुरू झाल्या, "आयला, समोरच चाललंय!" मी तात्यांकडे बघितलं, ते मान डोलावत होते. मग आली बाप-लेकीची ताटातूट. बाप लेकीला कायमची गाडीत बसवून देतो, तो प्रसंग. टरफलं वाजतच राहिली. आणि ऐन हुंदक्याला हौसाबाईंचा खणखणीत आवाज, "आगं बया, दाढी चिकटवल्याली हाय की त्याची!" सगळे हसले. तात्यांच्या चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही. मला मात्र निमगावचा तो तंबू आठवला.

मग तीच वीस मिनिटं चोवीसने. मारामारीला शिट्ट्या जरा कमी. पण बापाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डावीकडची टरफलं थांबली. मग मधली. मग सगळीच. हौसाबाईंनी फोडलेली शेंग चिमटीत तशीच राहिली होती आणि दुसऱ्या हाताने त्या पदर डोळ्यांना लावत होत्या. दाढी तीच होती, बाई त्याच होत्या.

"धरलं," तात्या म्हणाले.

मी खजील होऊन विचारलं, "असं कसं हो? अठ्ठेचाळीसमध्ये तर सगळं खरं दिसतं."

"त्येच की. लई खरं दिसतं. मग मानसाला नट दिसतो, सोताचा बाप दिसत न्हाय. थोडं कमी दाखव, बाकीचं लोकं आपल्या पदरचं घालत्यात."

दुपारी मी स्वतः शिडीवर चढून फलकावर पांढरा रंग फासला. खाली उभं राहून चार लोक दात काढत होते, काढोत. पिक्चर धो धो चालला आणि मी ताठ मानेने तिकीटखिडकीत बसले.

तात्यांना हट्टी म्हणणाऱ्यांना मी पुढची गोष्ट मुद्दाम सांगते. त्याच हिवाळ्यात एका शिक्षिकेने उजनीच्या पाण्यावरच्या रोहित पक्ष्यांची फिल्म करून आणली, शाळेच्या मुलांना दाखवायला. तीही दोन्ही तऱ्हांची. मी मोठ्या शहाणपणाने चोवीस लावायला निघाले, तर तात्यांनीच अडवलं. "पाखरं अठ्ठेचाळीसमदी लाव. पाखराला कुठं नट व्हायचं असतं? ते हाय तसंच दिसू दे." मशीन चांगलंच होतं म्हणे, त्याला काय घालायचं ते मला कळायला हवं होतं. आणि खरंच, तो थवा पाण्यावरून उठला तेव्हा एकेक पंख वेगळा मोजता येत होता. दोनशे पोरं, पण चिडीचूप.

"धरलं," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वाकून हळूच विचारलं, "रंग कसा दिसतोय गं पंखांचा?"

मी म्हटलं, "मागे वळून बघा ना, तुम्हीच बघा."

"डाव्याचं गेलंय. उजव्याला नुसतं धुकं. काचबिंदू हाय, दोन वर्सं झाली."

दोन वर्षं. म्हणजे त्या गुरुवारीही. म्हणजे मी "तुमच्या डोळ्यांना दिसतं तरी का" म्हणाले त्या दिवशीही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बोलला का नाहीत हो?" एवढंच कसंबसं विचारलं.

"बोललो असतो तर तू म्हनली असतीस, आंधळ्याला काय कळतंय अठ्ठेचाळीस," ते हसून म्हणाले. "आनि तू तवा म्हनलीसच की. सांग आता, रंग कसा हाय?"

मी सांगितलं. पांढरा, त्यात गुलाबी, पंख उघडला की आत शेंदरी आणि कडेला काळा. पिक्चर संपेपर्यंत सांगत राहिले.

गेल्या पौषात तात्या गेले. घरीच, दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. दहाव्याला हौसाबाई मला म्हणाल्या, "आता शेंगा कोन वाटनार?" त्या मोठ्याने रडत होत्या आणि मीही.

पुढच्याच आठवड्यात पुन्हा एक पिक्चर दोन तऱ्हांनी आला. वितरकाचा माणूस फोनवर विचारत होता, कोणता लावताय? मी म्हटलं, गुरुवारी दुपारी सांगते. सकाळी लोक बोलावले, दारात उभी राहून ओंजळी भरल्या आणि लोखंडी खुर्ची उलटी मांडून तीत बसले. आधी एक लावला, मग दुसरा. दुसऱ्याला डावीकडची टरफलं थांबली, मग मधली, मग सगळीच. मी मागे वळून पडदा बघितला नाही. बघितला असता तरी काही दिसलं नसतं, डोळे गच्च भरले होते. पण धरलं होतं, कानांना पक्कं कळलं.