लाल धाग्याचा जिताडा

साल एकोणीसशे चोपन्न, मी सत्तावीस वर्षांचा. शाळा म्हणाल तर मराठी दुसरी, तीही अर्धी. पण खाडीचं पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे मला कुणी विचारलं, तर मी उभ्या उभ्या सांगायचो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते आलं. आमचं गाव माजिवड्याच्या पुढे, खाडीकाठी, आत आहे. म्हणून वर एक तास धरायचा.

त्या साली माघात मुंबईच्या कॉलेजातले एक प्रोफेसर आमच्याकडे आले. खाडीतले मासे कुठे वाढतात, कुठे जातात, याचा अभ्यास करायचा होता त्यांना. गाव त्यांना मासेमास्तर म्हणायचं. त्यांच्याजवळ भरती-ओहोटीचं छापील पुस्तक होतं. मी म्हटलं, "मास्तर, हे मुंबई बंदराचं पाणी आहे, आमचं नाही." ते पुस्तकाच्या भरवशावर उतरले आणि मांडीपर्यंत चिखलात रुतून बसले. मी काठावर विडी ओढत उभा. पाणी आलं ते माझ्या वेळेला. दुसऱ्या कुणाला राग आला असता. त्यांनी चिखलाच्या हाताने वही उघडली आणि म्हणाले, "पाऊणपट कशाची म्हणालात? परत सांगा."

तेव्हापासून मी त्यांच्याबरोबर. मिठागरातल्या कामावरून सुटलो की त्यांची वही आणि आमचं गाव यांच्या मधे मी.

त्यांचा प्रश्न होता जिताड्याचा. आमच्या गावामागे एक नाला आहे, भरतीला भरतो, दोन्ही अंगांना तिवरांची झाडी. त्यात हातभर जिताडे मिळतात. मोठे मिळतात ते थेट खाली, मोठ्या खाडीत. मधले जातात कुठे? लहानपणी मी हेच बापाला विचारलेलं. बाप म्हणाला, "ताटात जातात. गप जेव." मास्तर हे विचारताना हसले नाहीत. त्यांना वाटत होतं, नाल्यातलेच मोठे होऊन खाली उतरतात, आणि नाला उपसला तर खालची खाडीपण रिकामी होईल. पण वाटणं वेगळं आणि दाखवणं वेगळं.

नाल्यावर हक्क गावाचा. आमचे थोरले काका पंचांत मुख्य. मी त्यांच्यापुढे शब्द टाकला, की नारळी पौर्णिमेपर्यंत मास्तरांच्या कामाखेरीज नाल्यात कुणी जाळं टाकायचं नाही. काका म्हणाले, "आणि तुझ्या मास्तराचं काहीच खरं निघालं नाय तर?"

"तर पौर्णिमेच्या संध्याकाळी नाला मोकळा. आणि मी परत पंचांसमोर तोंड उघडणार नाही."

"त्यो दिवस बघायला तरी मला जगायला पायजे," काका म्हणाले, आणि सगळे हसले. पण कबूल झाले.

मग खुणा करायचं काम. मास्तरांनी पत्र्याचे बारीक बिल्ले आणलेले. मी म्हटलं, जाळ्यात अडकून मासा फाटेल, धागा बांधा. "कुठल्या रंगाचा?" "लाल. गढूळ पाण्यात तोच उठून दिसतो." धागा मीच ठाण्याच्या बाजारातून आणला. नाल्यात पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, टाकून एकेक जिताडा धरायचा, मास्तर पट्टीवर त्याची लांबी मोजायचे, मी पाठीच्या पराशी गाठ मारायचो, की सोडला. चैत्रभर हेच केलं.

मास्तर म्हणाले, "आता खालच्या गावी जाऊन सांगायला हवं. धाग्याचा मासा मिळाला तर आपल्याला कळवा म्हणून."

खालचं गाव पलीकडच्या काठाला. खाडीच्या हद्दीवरून त्यांचं आमचं जुनं वाकडं. सोयरीक चालायची, माझी धाकटी बहीणच तिथे दिलेली, पण तिच्या लग्नानंतर हद्दीचे खुंट परत उपटले गेले आणि मी त्या गावात पाय ठेवणार नाही असं चारचौघांत बोलून बसलेलो. मी मास्तरांना म्हटलं, "काही गरज नाही. बाजारात निरोप ठेवलाय. मिळाला की येईल." निरोप ठेवलेला, खोटं नाही. एका मासेवालीजवळ.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पाऊस लागला, मिठागरं बंद झाली. मी रोज काठावर. एकही धागा आला नाही. मास्तर आठवड्याला यायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे आणि छत्री मिटायचे. एकदा एवढंच म्हणाले, "कदाचित माझंच चुकत असेल. नाल्यातले नाल्यातच मरत असतील." ते मला लागलं. चुकलं तर चुकलं, पण मासे गेले कुठे? बांधलेली गाठ माझी होती, ती सुटणारी नव्हती.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी बहीण सणाला माहेरी आली. दुपारी जेवायला बसलो. आई विचारत होती, सासरी सगळं बरं ना. बहीण म्हणाली, "बरं हाय. यंदा तर देवीची किरपाच हाय आमच्या गावावर. खाडीत सोडलेले जिताडे फिरतात."

मी म्हटलं, "सोडलेले म्हणजे?"

"लाल धाग्याचे रं, दादा. कुणाचा तरी नवस असंल मोठा. आमच्या मामंजींना दोन घावले. त्यांनी हळद-कुंकू लावून परत सोडले. शेजारी पण घावले. देवाचा मासा कोण खातंय?"

मी घास ताटात ठेवला.

आमच्याही देवीपुढे नवसाच्या कोंबड्याच्या पायात लाल धागा बांधून त्याला सोडून देतात. तो कुणी कापत नाही, विकत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक. पण कोंबडा आणि मासा माझ्या डोक्यात कधी एका जागी आलेच नाहीत. पांढरा धागा आणला असता, किंवा मास्तर म्हणाले तेव्हा गेलो असतो, तर चार महिने वाया गेले नसते.

"तुला आधी सांगता नाही आलं?" मी बहिणीवर खेकसलो.

"तू आलास कवा माझ्या घरी?" ती म्हणाली, आणि आमटी वाढायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर येणार, संध्याकाळी नारळ टाकून झाला की पंच बसणार आणि नाला मोकळा होणार. बहिणीच्या तोंडचं पंच धरणार नव्हते. ज्याच्या हातात मासा आला, त्यानेच येऊन सांगायला हवं होतं.

सकाळी उजाडताच मी निघालो. पौर्णिमेची सकाळ म्हणजे पाणी पार उतरलेलं. चढायची वाट बघितली असती तर दुपार झाली असती. होडी चिखलातून ओढत मधल्या पाण्यापर्यंत नेली, पलीकडे परत चिखल. बहिणीच्या सासऱ्यांच्या ओटीसमोर उभा राहिलो तेव्हा कमरेपर्यंत काळा होतो, हातात नारळ.

म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, "रस्ता चुकलात वाटतं?"

"नाही आबा, मुद्दाम आलोय. ते धागे देवीचे नाहीत. माझे आहेत." आणि सगळं सांगितलं, बाजारातल्या निरोपासकट.

म्हाताऱ्याने नारळाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी कुंकू लावलं ते तुझ्या गाठीला?"

"हो."

"बरं. येतो संध्याकाळी तुमच्या पंचांत. पण पाय धुवायला पाणी तुझ्या दारात पायजे."

"मी स्वतः घालीन. आता सांगा, कुठे मिळाला आणि केवढा होता?"

"कांदळाच्या झाडीच्या टोकापाशी, मोठ्या पाण्यात. आणि एवढा," म्हणून त्यांनी दोन्ही हात पसरले.

"आबा, खरा तेवढाच पसरा. हे वहीत जायचंय."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघत हात थोडे जवळ आणले. मग अजून थोडे. मी खिशातली दोरी काढली आणि त्या दोन हातांच्या मधे धरली.