सावलीत आंबा येत नाही!

माझी नर्सरी नाशिकला, द्वारका चौकाजवळ. एकाहत्तर साली सुरू केली तेव्हा वाटलं होतं, रोपं विकली जाणार नाहीत, साठून राहतील. पण रोपं जातात हो! साठतात ते किस्से. गिऱ्हाईक झाड घेऊन जातं आणि डोक्याला ताप इथेच ठेवून जातं.

त्या काळात नाशिकमध्ये नव्या कॉलन्या झाल्या. बंगले एकमेकांच्या उरावर उभे राहिले आणि प्रत्येकाच्या मागे अर्ध्या सावलीची एक चिंचोळी पट्टी उरली. त्या पट्टीत प्रत्येकाला फळझाड हवं. आणि फळझाड म्हणजे काय, तर आंबा! "सावलीत आंबा येत नाही" हे वाक्य मी जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर आत्तापर्यंत सुटलो असतो.

* * *

मी आधी एकच प्रश्न विचारायचो. "जागेवर ऊन किती वाजता येतं?"

साधा प्रश्न आहे की नाही? पण लोकांना तो अपमान वाटायचा! एक बाई तर चिडल्याच. "ऊन? भरपूर! नाशिकला उन्हाची काय कमी आहे का?"

त्यांना चिकू हवा होता. माझं मन काही मानेना, म्हणून सायकल काढून जागा बघायला गेलो. दोन भिंतींमधली बोळ ती. भिंतीवर शेवाळ.

"बाई, धुणं कुठे वाळत घालता?"

"गच्चीवर."

"इथे दोरी बांधलेली दिसतेय की."

"अहो, इथे आठ-आठ दिवस वाळत नाही!" बाई म्हणाल्या. "बरं, चिकूला खड्डा केवढा घेऊ?"

* * *

लोकांना हसतो, पण माझ्या घरात काय वेगळं होतं?

आमच्या घरामागेही तसलीच पट्टी. एका बाजूला आमच्या दोन खोल्या, दुसऱ्या बाजूला ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनची उंच भिंत. ऊन सकाळी जरा तोंड दाखवून जायचं. आमची मंडळी नांदगावची, नाव सुमन. तिच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या मळ्यात एक रायवळ आंबा होता. त्याला सगळे खोबऱ्या म्हणत. चोखला की मागून ओल्या खोबऱ्याची चव यायची. बहात्तरच्या उन्हाळ्यात ती माहेराहून आंबे घेऊन आली आणि मला न विचारता एक कोय मागे पुरली.

मी म्हटलं, "सावलीत आंबा येत नाही!"

"तुम्हाला कुणी विचारलंय?"

मग दुष्काळ पडला. नांदगावचं झाड उभ्या उभ्या वाळलं. त्याचं सरपण झालं, आणि पुढच्याच वर्षी आबाही गेले. तेव्हापासून मागच्या रोपाला ही बाई तांदूळ धुतलेलं पाणी घालू लागली आणि मला तोंड बंद ठेवावं लागलं.

तरी एकदा न राहवून बोललोच. "अगं, कोयीचं झाड बापावर जाईलच असं नसतं."

"आपला पोरगा गेलाय का तुमच्यावर?" ती म्हणाली. "पण लाडका हायेच ना!"

* * *

अर्ध्या सावलीत काय येतं, ते मला विचारा की! सीताफळ येतं. फालसा येतो. करवंद येतं. पण ऐकून कोण घेणार?

एक मॅडम मिस्टरांना घेऊन आल्या. मी म्हटलं, "सीताफळ लावा."

"इश्श! ते डोंगरावर फुकट उगवतं. विकत काय घ्यायचं?"

"फालसा?"

"पाखरं खातील."

"करवंद?"

"काटे!"

"केळी तरी लावा. थोडं ऊन मिळालं तरी घड धरते."

"सासूबाईंना केळ दारात चालत नाही."

मी हात टेकले. "मग मॅडम, तुम्हीच सांगा काय देऊ?"

"आंबा द्या ना!"

शेवटी तुळस घेऊन गेल्या. मिस्टर तेवढ्या वेळात एक अक्षर बोलले नव्हते. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचं अर्ध्या तासात उरकलं."

* * *

दुसरे एक गृहस्थ द्राक्षाच्या वेलासाठी हटून बसले. कारण काय? "नाशिकला राहतो आणि दारात द्राक्षं नाहीत म्हणून सोलापूरचे साडू हसतात!" जागा कडुनिंबाखाली. मी नाही नाही म्हणत असताना वेल घेऊन गेले.

पुढे भेटले. "अण्णा, उन्हाचा प्रश्न सोडवला. शंभराचा बल्ब लावला."

मी कपाळावर हात मारून घेतला. "मग? द्राक्षं लागली?"

"छे! पण साडू आले होते, त्यांना दाखवायला मंडईतून दोन घड आणून दोऱ्याने बांधले." हे अगदी खुशीत! "आता ते म्हणताहेत, आम्हाला पण बल्ब लावायचाय."

* * *

अंबडच्या कारखान्यातला गायकवाड फिटर मात्र डोकेबाज. अंगणात ऊन सरकत सरकत जायचं, एका जागी तासभरही टिकायचं नाही. त्याने काय करावं? ड्रममध्ये लिंबू लावलं, ड्रमखाली बेअरिंगची चाकं बसवली आणि ऊन सरकेल तसं झाड सरकवायला लागला! लिंबं लागली बरं का! मी स्वतः चार खाल्ली.

त्याची बायको एकदा नर्सरीत येऊन मला झापून गेली. "आमचं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, माझ्यासाठी कधी पाट सरकवला नाही यांनी. आणि झाडामागं दिवसभर लय गरगर फिरत्यात!"

पुढच्या महिन्यात गायकवाड तोंड पाडून आला.

"अण्णा, सेकंड शिफ्ट लागली. बायको ड्रमला हात लावायला तयार नाय. नुसत्या सकाळच्या उन्हावर भागवणारं काही मिळंल का?"

* * *

आता भालेराव सर. आमचे शेजारी, शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या पट्टीच्या तिसऱ्या बाजूला कंपाउंडची भिंत आणि पलीकडे सरांचं अंगण. लख्ख मोकळं! सगळ्या गिऱ्हाइकांत माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा हा एकच माणूस भेटला. सरांनी सुट्टीच्या दिवशी अंगणात खुर्ची टाकून ऊन पाहिलं आणि मला येऊन सांगितलं, "अण्णा, सकाळी शाळेच्या वेळेला येतं, ते दिवे लागेपर्यंत हलत नाही."

मला भरूनच आलं! मी माझ्या हाताने त्यांच्याकडे पेरू लावून दिला. असा पेरू आला म्हणता! आल्यागेल्याला मी सांगायचो, "गिऱ्हाईक असावं तर भालेराव सरांसारखं."

* * *

आणि आमच्या मागचा आंबा? वाढला. नुसता वाढला! उन्हासाठी जी मान तिरपी केली ती सरळ कंपाउंडच्या भिंतीवरून पलीकडे. आमच्या बाजूला नुसतं बांबूसारखं खोड आणि खाली पडलेला पाला. मोहोर बघायला मान वर करून करून माझी मान आखडली. दरवर्षी मी म्हणायचो, "काढू या, फालसा लावू." दरवर्षी ती म्हणायची, "एक साल बघू."

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात माझं डोकंच फिरलं. नर्सरीवाल्याच्या घरी वांझ आंबा, लोक काय म्हणतील? म्हटलं, बास. रविवारी माणूस बोलावतो कुऱ्हाड घेऊन.

सुमन भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती शांतपणे म्हणाली, "आबांचं एवढंच ऱ्हायलंय. ते तोडणार असाल तर आधी मला नांदगावला नेऊन सोडा." आणि बोलणं बंद! चार दिवस घरात नुसता भांड्यांचा आवाज.

रविवारी कुऱ्हाडवाला आला. मागोमाग भालेराव सर आले. हातात पिशवी.

"अण्णा, त्या माणसाला आधी चहा पाजून घालवा," सर म्हणाले. "मोहोर आला तेव्हाच सांगणार होतो. पण म्हटलं, वहिनींना पिकलेलाच दाखवावा."

पिशवीत आंबे! शेंदरी, बुटके, चीक लागलेले. झाड आमच्या सावलीत आणि आंबे सरांच्या उन्हात!

सुमनने एक उचलला, चोळून मऊ केला, देठ दाबून चीक काढला आणि उभ्या उभ्या तोंडाला लावला. आम्ही दोघं तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. ती डोळे मिटून चोखत होती आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"जरा आंबट हाय," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण खोबऱ्याच हाय."

कुऱ्हाडवाल्याला मीच चहा करून दिला.

सर घुटमळत उभे. "एक अडचण आहे, अण्णा. या आंब्याच्या सावलीने आमचा पेरू बसला. बहारच धरत नाही. तिथे अर्ध्या सावलीत येईल असं एखादं फळझाड सुचवा."

मी सवयीने विचारलं, "ऊन किती वाजता येतं?"

सर तोंड उघडणार, तेवढ्यात सुमनने हातातली कोय नळाखाली धुतली, पदराला पुसली आणि सरांच्या हातावर ठेवली.

"ह्यांचं काय ऐकता, सर? आंबा लावा!"