उपवासाच्या दिवसांच्या गोळ्या

विलायतेला निघताना इस्लामपूरच्या एसटी स्टँडवर माझी बायको शालन रडली नाही, मी रडलो. ती ट्रंकेवर बसून धाकट्या भावाच्या, बबनच्या, सदऱ्याचं तुटलेलं बटण लावत होती. आई लवकर गेली म्हणून त्याला तिनंच वाढवलेला. त्याला तेव्हा नुकतं मिसरूड फुटलं होतं. गाडी लागली तरी तिचा हात थांबेना. शेवटी दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "लागेल ते सांग. पाठवीन." बाकी काही नाही.

मी शिकलेला माणूस नाही, चौथीतनं शाळा सोडली. आमच्या तालुक्यातले एक डॉक्टर विलायतेला आले होते, त्यांच्याकडं स्वयंपाकाला म्हणून आम्ही नवरा-बायको वॉटफर्डला आलो. डॉक्टर पुढं दुसऱ्या गावी गेले. मी हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. पोरबाळ झालं नाही. बबन हेच तिचं पोर.

पाठवायला ती कधी चुकली नाही. स्वेटर, घड्याळ, चॉकलेटं, दाढीची ब्लेडं. तिकडच्या लोकांचा इकडच्या वस्तूवर भारी विश्वास. साबण विलायती असला की अंगाचा मळ जास्त निघतो म्हणायचे. ओळखीतलं कुणीही गावाकडं निघालं की त्याच्या बॅगेत आमचं एक पुडकं असायचंच.

लॉन्ड्रीत माझ्या जोडीला हाँगकाँगचा लाम होता. दोघांचंही इंग्लिश मोडकं, म्हणून चांगलं जमायचं. दुपारी तो भातावर सोया सॉसची बाटली उपडी करायचा, मी लोणचं आणि पापड काढायचो. खारवलेला मासा त्याचा, खारातली मिरची माझी. मग मागच्या दारात उभं राहून दोघांच्या सिगरेटी. लाम म्हणायचा, "यू, मी, सेम. स्मॉल मॅन, स्ट्राँग." हार्टनं मरतात ती जाडजूड गोरी माणसं, आपण नाही, अशी दोघांची पक्की समजूत. एका सकाळी तो चादरींची ट्रॉली ढकलता ढकलता चादरींवरच पालथा पडला. हॉस्पिटलातच पडला, तरी वाचला नाही.

मग आम्हा सगळ्यांना नर्सनं तपासलं. म्हणाली, लामच्या मुलखातले काय नि तुमच्याकडचे काय, अंगानं बारीक म्हणून निर्धास्त राहता आणि आतनं रक्ताच्या नळ्या भरत असतात. मीठ, सिगरेट, साखर, बीपी. यातलं बरंचसं माणसाला आवरता येतं, पण माहीत तर पाहिजे. लामला बीपी होतं हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

मी हे घरी येऊन सांगितलं. शालननं तिथल्या तिथं माझं सिगरेटचं पाकीट कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं आणि लोणच्याची बरणी स्टुलाशिवाय हात पोचणार नाही अशा कपाटात ठेवली. "तुमच्या आधी मला जायचंय," म्हणाली, "तेवढं तरी जमवा." माझं बीपी ठीक निघालं. वाढलेलं निघालं ते तिचं. जीपीनं, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरनं, रोज एक गोळी लिहून दिली, जन्मभराची.

सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. हे तिचे उपवास, आणि उपवासाला गोळी नाही. रिकाम्या पोटी बाधते म्हणायची. कसलं रिकामं पोट! साबुदाण्याची खिचडी, तळलेला बटाट्याचा कीस, वर मीठ. मी चिडवायचो, देवाला मीठ चालतं आणि गोळी तेवढी चालत नाही काय? तर म्हणायची, "तुम्ही तुमची लॉन्ड्री बघा." दवाखान्यात दर खेपेला बीपी वरच. डॉक्टरनं गोळी वाढवली तरी वरच. उपवासाचं ती तिथं बोलायची नाही, आणि मला बाहेरच बसवायची.

एका सोमवारी दुपारी मी दूध घेऊन आलो, तर ती मागच्या गार्डनमध्ये पडलेली, ओल्या कपड्यांची बास्केट शेजारी. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी तिथं गवतावरच तिची छाती दाबली. मी कपड्यांचे चिमटे गोळा करत होतो. का, ते मला सांगता येणार नाही. हार्ट अटॅक, म्हणाले.

काही आठवड्यांनी बबनचा फोन आला. घुटमळत होता.

"दाजी, रागवू नका. बीपीच्या गोळ्या संपत आल्यात. अक्का पाठवायची ना."

कसल्या गोळ्या, मी विचारलं.

"तिकडच्या. मला इथल्या लागू पडत नाहीत. अक्का म्हणायची, विलायतेत उपवासाला डॉक्टरच गोळी बंद ठेवतात, त्या उरतात."

मी फोन ठेवून दिला. मला सांगितलं देवाला चालत नाही, त्याला सांगितलं डॉक्टरला चालत नाही. आणि गोळ्या गेल्या पुडक्यातनं, चॉकलेटांच्या खालनं. उपवास देवाचा नव्हताच.

अस्थी घेऊन गावी गेलो. स्टँडवर बबन उभा होता, डोकं पार पांढरं. कृष्णेत अस्थी सोडल्या. दुसऱ्या दिवशी त्याला ओढत डॉक्टरकडं नेलं, त्याच्या नावाची चिठ्ठी लिहून घेतली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. तो वाटभर कुरकुरत होता. दुकानात त्यानं खिशातलं रिकामं विलायती पाकीट पुढं टाकलं, म्हणाला, असली द्या. दुकानदारानं चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली.

"काका, ही आपल्याकडचीच आहे. इथं बनते आणि तिकडं जाते. औषध तेच."

बबननं रिकामं पाकीट परत उचललं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "दाजी, अक्काला गोळी रोजची होती?"

विमानात मी ठरवलं होतं, सांगायचं नाही. पण नाही सांगितलं तर हाही आपला सोमवार बघून गोळी टाळणार.

"रोजची," मी म्हणालो. "उपवासालासुद्धा."

तो दुकानाच्या पायरीवर बसला. मीही बसलो. लोक आमच्या बाजूनं आत-बाहेर करत होते.

मला शालनचा राग येतो. लोक म्हणतात भावावर केवढी माया. असेल. माझ्या सिगरेटी बिनमध्ये टाकणाऱ्या बाईनं स्वतःचा जीव पुडक्यात बांधून पाठवला, त्याला मी माया म्हणणार नाही. मागं राहिलेल्यांनो, औषध मागू नका, आपल्या गावच्या डॉक्टरकडं जा. इकडं आलेल्यांनो, स्वेटर पाठवा, घड्याळं पाठवा. तुमच्या नावाची गोळी तुम्हीच गिळा.

मी वॉटफर्डला परत आलो. निघताना बबन म्हणाला होता, गावीच राहा. पण तिथल्या स्टँडवर मला कुणाची वाट बघायची नव्हती, आणि वॉटफर्डच्या घरातही कुणी वाट बघत नाही. त्यामुळं कुठं राहिलो तरी सारखंच. रोज उठलो की मी त्याला फोन लावतो आणि विचारतो, घेतलीस का? तो हो म्हणतो. घर म्हणाल तर तेवढंच उरलंय.

सोमवारी मात्र मला फोन लावावा लागत नाही. माझा चहा व्हायच्या आत त्याचाच येतो. "घेतली, दाजी," म्हणतो. त्या दिवशी आम्ही दुसरं काही बोलत नाही.